पुराण भारी, पत्ता रिकामा

स्वतःचा काल्पनिक पत्त्यांचा संच रचणारे आधी सात राज्यांची वंशावळ लिहितात. पत्ता टाकायला खर्च किती, हे मात्र अंदाजपंचे. १९९३च्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातला ‘ब्लॅक लोटस’ हा पत्ता पाहा. त्यावर कथेची एक ओळ नाही. फुकट मांडा, त्याचाच बळी द्या, एकाच रंगाचे तीन ‘माना’ (पत्ते टाकायला मोजायची जादुई शक्ती) घ्या! एवढ्यावरच तो इतका भारी ठरला, की स्पर्धांत त्याला वेसण घालावी लागली. कथेविना जीव कसा येणार, असं म्हणाल. मान्य. पण त्याच संचात एका ‘माना’च्या खर्चात एक पत्ता तीन पत्ते ओढू देई, तर दुसरा जेमतेम तीन प्राणगुण वाढवी. ही तफावत कुठल्या राजकन्येच्या शापाने झाकणार? तेव्हा ड्रॅगनच्या पणजोबांचं बारसं राहू द्या. आधी कोरे कागद कापा, पेनाने आकडे लिहा आणि दोन डाव खेळून बघा.