हवेत बेत बदलू नये

चाळिशी उलटल्यावर माणसानं काय उलटवावं, याचे काही संकेत आहेत. पोळी उलटवावी, फार तर बायकोला उलट उत्तर द्यावं. स्वतःला उलटवू नये. पण भाचीच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासबाहेर बाकावर ताटकळताना ‘मोठ्यांची बॅच’ ही पाटी दिसली आणि मी बॅकफ्लिप शिकायला नाव घातलं. त्या बॅचमध्ये मोठा मी एकटाच. बाकीची सगळी कॉलेजातली पोरं, आणि मी सर्वांचा काका.

बॅकफ्लिप म्हणजे मागे उडी, हा माझा समज सरांनी लगेच मोडीत काढला. “काका, मागे नाही, वर उडायचं. हात कानाजवळून थेट छताकडे. नजर समोर, मान मागे टाकायची नाही. वर पोचलात की गुडघे छातीशी.” त्यामागे शास्त्र आहे. फिरकीचा जोर जमीन सोडताना मिळतो तेवढाच. हवेत त्यात भर घालता येत नाही. अंग आवळलं की त्याच जोरात गिरकी वेगानं होते, पसरलं की मंदावते. माझं अंग आवळायला तयार होतं, पोट नव्हतं. गुडघे आणि छाती यांची भेट होऊ द्यायची नाही, म्हणून ते भावकीतल्या काकांसारखं मध्ये बसून राहायचं.

शिकण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी जमिनीवर मागची कोलांटी, मग उतरत्या मॅटवर. ट्रॅम्पोलिनवर नुसत्या सरळ उड्या. मग फोमच्या खड्ड्यात पाठीवर पडणं. पडायला मला काहीच शिकावं लागलं नाही. बाहेर कसं यायचं, ते मात्र छोट्यांच्या बॅचमधल्या एका मुलीनं शिकवलं. “काका, उभे राहू नका, लोळत या.”

शेवटी खरी उडी. सरांचा एक हात कमरेमागे, दुसरा मांडीमागे. “एकच सांगतो. अर्ध्यात सोडायचं नाही.”

हे कोणाला सांगत होते ते! व्हायोलिन, जर्मन, डाएट, रोजनिशी, सगळं मी अर्ध्यात सोडलंय. पण जमिनीवर सोडलेल्या गोष्टी माळ्यावर जातात, हवेत सोडलेली मानेवर येते. मी छान वर गेलो, आणि तिथं पोचल्यावर मला वाटलं, नको. अंग ताठ झालं. सरांनी मला अक्षरशः झेललं आणि छोट्यांच्या बॅचसमोर एरवी उच्चारत नसावेत असा एक शब्द उच्चारला.

2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकला अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिला व्हॉल्टवर, हवेत आपण नेमके कुठे आहोत तेच उमगेना. ती सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली. तिनं माघार घेतली ती खाली उतरल्यावर. मी वरच घेतली. एवढं सोडलं तर आम्ही दोघं सारखेच.

आता सरांचा हात असला की मी पुरता फिरतो आणि उकिडवा उतरतो. हाताशिवाय उडायची परवानगी अजून नाही, आणि मीही ती मागितलेली नाही.

तुम्हाला हौस असेल तर जरूर शिका. पण रील बघून, घरच्या गादीवर, मित्राच्या भरवशावर नको. गादी पायाखालून सरकते आणि मित्र व्हिडिओ काढत असतो. जाड मॅट आणि जाणता शिक्षक असलेला क्लास गाठा, ते सांगतील तितके दिवस मुकाट्यानं लोळा, आणि उडायचं की नाही ते पाय जमिनीवर असतानाच ठरवा.