दोन अठ्ठावन्नचं पाकीट

"इथं नदीचं पाणीसुद्धा सप्लायवर येतं, भैया." रामघाटावर भेटलेल्या कुठल्याही नवख्या माणसाला काका पहिल्या पाच मिनिटांत हे ऐकवतात. खोटं नाही. क्षिप्रा आटते म्हणून 2014 पासून नर्मदेचं पाणी पाइपातून आणून तिच्यात सोडतात. "बघ, देवाच्या दारातसुद्धा पुरवठेदाराशिवाय पान हलत नाही."

काका पुरवठेदार. बांबू, बल्ल्या, ताडपत्र्या, दोरखंड, बादल्या, खराटे. जत्रेला आणि सरकारी ऑफिसाला जे म्हणून लागतं ते सगळं. दुकान घाटाच्या वरच्या गल्लीत. मी त्यांचं नाव सांगत नाही, कारण असे काका नाशकात आहेत, पंढरपुरात आहेत, तुमच्या गावच्या बाजारपेठेतही आहेत. उज्जैनच्या काकांना फक्त इतिहास जास्त. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालाचं मंदिर पुन्हा उभारलं, तेव्हा दगड चढवायचे दोर आमच्या घरून गेले, असं काका सांगतात. "टेंडर निघालं होतं का?" मी एकदा विचारलं. काकांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. पुढे 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली. त्या गडबडीत एक बिल राहिलं ते राहिलंच, अशी घरातली समजूत आहे. काका अजून ग्वाल्हेरच्या माणसाला उधार देत नाहीत.

हा माणूस कॉम्प्युटरला घाबरतो असं कुणी समजू नये. दुकानात गल्ल्यावर क्यूआर कोड आहे. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांचं भस्मारतीचं ऑनलाइन बुकिंग काकाच करून देतात. बांबूचा ट्रक भरायच्या आधी ते व्हिडिओ कॉलवर बांबू पाहतात, समोरच्याला तो जमिनीवर आपटायला लावतात आणि आवाजावरून भाव पाडतात. हे सगळं जमतं. फक्त "ई-टेंडर भरा" म्हटलं की काकांचा गुडघा दुखायला लागतो.

कारण काकांचा सगळा धंदा दोन अठ्ठावन्नच्या पाकिटावर उभा होता. टेंडर पेटीत टाकायची वेळ तीनपर्यंत. काका अकरालाच ऑफिसात जाऊन बसायचे. कोण आलं, कुणाचं पाकीट जाड, कोण कुणाशी हसून बोलतोय, हे बघत बघत खिशातल्या कोऱ्या दरपत्रकावर दोन पंचावन्नला आकडा लिहायचे आणि दोन अठ्ठावन्नला पाकीट पेटीत. मग पेटी सगळ्यांसमक्ष उघडायची, बाबू एकेक दर मोठ्यानं वाचायचा, आणि हरलेला जिंकलेल्याकडून कचोरी खायचा. "दर ऐकताना समोरच्याचं तोंड बघायला मिळायचं," काका म्हणतात. "आता काय बघायचं? पोर्टलला तोंड आहे का?"

काकांनी न सांगितलेला भाग मी सांगतो. त्या अकरा ते तीनच्या बैठकीत चौघे पुरवठेदार पुष्कळदा एकमेकांना "समजून घ्यायचे". या वेळी ताडपत्री तुझी, पुढच्या वेळी बादल्या माझ्या. पेटी गेली ती या समजूतदारपणामुळेच, असं माझं मत. काकांपुढे ते मांडलं तेव्हा त्यांनी लगेच हुकमाचं पान काढलं. मध्य प्रदेशात ई-टेंडरमध्ये आत शिरून आकडे बदलल्याचं प्रकरण 2018 मध्ये बाहेर आलं, 2019 मध्ये गुन्हाही दाखल झाला. "आमच्या पेटीचं कुलूप फोडायला निदान हातोडा लागायचा," काका म्हणाले. यावर मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

तरी काकांच्या पुतण्यानं हट्टानं नोंदणी करायला घेतली. केंद्र सरकारचं जेम पोर्टल 2016 पासून चालू आहे. तिथं पॅन मागतात, जीएसटी मागतात, उद्यमचा नंबर मागतात आणि सगळीकडे नाव एकच असावं लागतं. इथं घोटाळा झाला. काकांच्या आडनावात "ळ" आहे. उज्जैनच्या हिंदी कागदांवर कुणी त्याचा "ल" केला, कुणी "ड" केला आणि इंग्रजीत त्याला दोन स्पेलिंगं फुटली. पॅनवरचे काका आणि आधारवरचे काका एकमेकांना ओळखेनात. संतापलेल्या काकांनी मला हाताला धरून घाटावर आणलं आणि त्यांच्या तीर्थोपाध्यायांच्या तख्तासमोर उभं केलं. "गुरुजी, आमचं पान काढा." गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, लांबलचक वही उलगडली आणि थोड्याच वेळात काकांच्या पणजोबांची सही समोर ठेवली. मोडीत. "बघ," काका विजयी मुद्रेनं म्हणाले, "ओटीपी आला का?" गुरुजींनी दक्षिणेसाठी क्यूआर कोड पुढे केला.

नावं कशीबशी जुळली. मग राज्याच्या ई-टेंडर पोर्टलसाठी डिजिटल सही आली, म्हणजे पेनड्राइव्हसारखं दिसणारं टोकन. आता सही कोटाच्या खिशात मावत होती, पण ती आपली वाटेना. ती वापरायची कुठं, तर चौकातल्या ऑनलाइन सेंटरवर. तिथल्या मुलाच्या खणात अख्ख्या बाजारपेठेच्या सह्या पडलेल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर पिन. चारही जुने प्रतिस्पर्धी त्याच खणात गुण्यागोविंदानं एकत्र. काकांना ते दृश्य पाहून पहिल्यांदा पोर्टलबद्दल आपुलकी वाटली. तरी टोकन त्यांनी घरीच आणलं, लाल दोरा बांधला आणि गल्ल्यात लक्ष्मीशेजारी ठेवलं. खंडेनवमीला तराजू, कुदळ, पहार यांच्या ओळीत टोकनही मांडलं गेलं. काकूंनी सगळ्या हत्यारांना लावलं तसं त्यालाही हळदकुंकू लावलं, नेमकं पुढच्या पत्र्याला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर टोकन ओळखेना. पुतण्या तासभर टाचणीनं कुंकू कोरत बसला होता.

पहिलं टेंडर काकांनी सवयीनं दोन पन्नासला उघडलं. राज्याच्या पोर्टलवर दराचा तक्ता असतो, एक्सेलची फाइल. ती उतरवून घ्यायची, आकडे भरायचे आणि त्याच नावानं परत चढवायची. आता, काकांच्या घरात श्रीकाराशिवाय वाण्याची यादीसुद्धा लिहीत नाहीत. काकांनी फाइलच्या नावाच्या आधी "श्री" लिहिलं. पोर्टलनं फाइल नाकारली. पुन्हा चढवली, पुन्हा नाकारली. पुतण्याच्या लक्षात येईपर्यंत दोन अठ्ठावन्न झाले होते. काकांच्या मनगटावरच्या घड्याळात अजून दोन मिनिटं होती, पण तिथं सर्व्हरचं घड्याळ चालतं. तीन वाजले आणि पान बंद झालं. ओळखीचा शिपाई असता तर पेटी मिनिटभर उघडी राहिली असती, असं काका रात्री जेवताना म्हणाले. पेटी अशीच उघडी राहायची, हे कबूल केल्याचं त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुसरं टेंडर मात्र पुतण्यानं आदल्या रात्री भरलं, श्री मनात म्हणून. दोरखंड आणि ताडपत्र्या. दर उघडले तेव्हा स्क्रीनवर काकांच्या फर्मपुढे "एल-वन" आलं, म्हणजे सगळ्यात कमी दर. अभिनंदनाला कुणी आलं नाही, कचोरी कुणी मागितली नाही. काकांनी स्वतःच चार कचोऱ्या आणल्या आणि हरलेल्या तिघांच्या दुकानी एकेक नेऊन दिली. माल वेळेवर पोचला. दोर मोजून घेतले गेले, ताडपत्र्यांवर पाणी ओतून पाहिलं गेलं, पावती मिळाली.

आणि तिथून पुढे सगळं पुन्हा पायानं सुरू झालं. टेंडर तारेतून आलं होतं. बिल या टेबलावरून त्या टेबलावर चालत निघालं. लघुउद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यावेत असा कायदा 2006 चा आहे. काकांना तो तोंडपाठ आहे, बाबूलाही आहे. काका दर सोमवारी अकराला जातात, जुन्या बाकावर बसतात आणि कोण कुणाशी हसून बोलतोय ते पाहतात. सोमवारी रामघाटावर बसलो असताना मी त्यांना 2028 च्या सिंहस्थाचं विचारलं. इतक्या बल्ल्या, इतके दोर लागणार, टेंडर भरणार ना? पलीकडे क्षिप्रेची आरती सुरू होत होती. काकांनी खिशातून लाल दोरा बांधलेलं टोकन काढून माझ्या हातावर ठेवलं. त्याची मुदत दोन वर्षांची होती. ती गेल्या महिन्यात संपली. बिल अजून सहीला आहे.