जावा फ्रेमवर्कची निवड : शास्त्रोक्त पद्धत

व्यवसायासाठी जावामध्ये ॲप्लिकेशन करायचे ठरले, की पहिला प्रश्न फ्रेमवर्कचा. ॲप्लिकेशनने नेमके करायचे काय, हे डिलिव्हरीच्या महिन्यात विचारण्याचा प्रघात आहे.

निवड करणाऱ्याने आधी स्वतःचा रेझ्युमे उघडावा. त्यात जे नाही तेच फ्रेमवर्क प्रकल्पास सर्वांत योग्य होय. गोदामातील आवक-जावक नोंदवायला चार स्क्रीन पुरत असतील, तर किमान अकरा मायक्रोसर्व्हिसेस काढाव्यात. नाहीतर आर्किटेक्टने मीटिंगमध्ये बोलायचे काय?

मग पूर्वपीठिका. 1999 च्या अखेरीस व्यावसायिक ॲप्लिकेशनसाठी जे-टू-ईई आले. त्यात एका साध्या ईजेबी घटकासाठी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीनचा क्लास आणि वर एक्सएमएलची फाइल एवढा लवाजमा लागे. रॉड जॉन्सन यांनी 2002 साली पुस्तक लिहून या पसाऱ्यावर टीका केली. त्या पुस्तकासोबतच्या कोडमधून स्प्रिंग हे फ्रेमवर्क उभे राहिले आणि 2004 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती निघाली. पुढे स्प्रिंगचेच एक्सएमएल वाढले, ते कमी करायला ॲनोटेशन आली, आणि 2014 मध्ये स्प्रिंगच्या जुळवाजुळवीतून सोडवायला स्प्रिंग बूट आले. स्प्रिंगमध्ये ‘ॲबस्ट्रॅक्टसिंगलटनप्रॉक्सीफॅक्टरीबीन’ नावाचा क्लास खरोखरच आहे. हे नाव न अडखळता म्हणणाऱ्यास सीनियर समजावे.

त्यानंतर वेगाची चाचणी. क्वार्कस आणि मायक्रोनॉट ही फ्रेमवर्क बरीच कामे कंपाइल करतानाच उरकतात, म्हणून ॲप्लिकेशन झटकन सुरू होते. कंटेनर सतत उघडत-मिटत असतील तिथे हा फायदा मोठा आहे. वर्षातून दोनदा रीस्टार्ट होणाऱ्या पगारपत्रकाच्या सर्व्हरवरही वाचलेले ते काही सेकंद अहवालात ठळक अक्षरांत दाखवावेत.

व्हाडिन या फ्रेमवर्कमध्ये स्क्रीनसुद्धा जावातच लिहिता येतात आणि ऑफिसच्या अंतर्गत कामाला ते पुरते. त्यामुळे त्याचा विषय काढू नये. जेहिप्स्टर काही मिनिटांत अख्खे ॲप्लिकेशन तयार करून देते. कोणीच न लिहिलेला तो कोड समजून घ्यायला लागणारा वेळ अंदाजपत्रकात धरत नाहीत.

अपग्रेडचा खर्च ‘किरकोळ’ या सदरात टाकावा. जे-टू-ईईचे पुढे जावा ईई झाले; ते एक्लिप्स फाउंडेशनकडे जाऊन जकार्ता ईई झाले, पण ‘जावाएक्स’ हे नाव ओरॅकलने सोडले नाही. म्हणून 2020 मध्ये जकार्ता ईई 9 ने पॅकेजांची नावेच बदलली. 2022 च्या स्प्रिंग बूट 3 ने ती नावे आणि जावा 17 सक्तीचे केले. चालू असलेल्या ॲप्लिकेशनमध्ये फाइलीमागून फाइल उघडून इम्पोर्ट बदलण्याचे पुण्य कित्येक टीमना यातून लाभले.

एक चाचणी मात्र कटाक्षाने टाळावी : ग्राहकाच्या नोंदीत जीएसटी क्रमांकाचा एक रकाना वाढवायला किती फाइली उघडाव्या लागतात, हे प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये करून पाहणे. त्याला अर्धा दिवस लागतो आणि उत्तर मिळते, त्यामुळे समितीला काम उरत नाही.

सर्व टप्पे पार पडल्यावर स्प्रिंग बूट निवडावे, कारण माणसे त्याचीच मिळतात. तुलनेचा तक्ता त्यानंतर भरायला घ्यावा.