वाकड्या हँगरचे गृहोपचार

सायकल डावीकडे पडली तर फारतर हँडलची मूठ खरचटते. उजवीकडे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा मागचा डिरेलर, चेन, गिअरची चक्रं असा सगळा महागाचा ऐवज असतो, म्हणून सायकल उजवीकडेच पडते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटर काढता काढता एखादे सद्गृहस्थ ती पाडतात, उचलून भिंतीला टेकवतात आणि वॉचमनला सांगतात, "काही नाही झालं हो." दिसायला खरंच काही झालेलं नसतं. दुसऱ्या दिवशी मात्र चौथ्या गिअरवर टाकलेली चेन चौथ्यावर बसत नाही आणि पाचव्यावर जात नाही, मध्येच टकटक करत राहते. चढावर सर्वांत मोठ्या चक्रावर चेन टाकली की मागून तारांना काहीतरी घासल्याचा आवाज येतो. हा आवाज आला की पुढचा परिच्छेद वाचण्याआधी चेन लहान चक्रावर उतरवावी. डिरेलर तारांत अडकला तर तो, सोबत काही तारा आणि नशीब फारच उघडलं असेल तर फ्रेमचं टोक, असं सगळं एकदमच जातं. मग या मार्गदर्शनाचा उपयोग उरत नाही.

रुग्णाची ओळख करून घेऊ. हँगर म्हणजे फ्रेमच्या मागच्या उजव्या टोकाला स्क्रूने बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा बोटभर तुकडा. डिरेलर त्याला लटकतो. हा तुकडा मुद्दामच मऊ ठेवलेला असतो. धक्का बसला की आपण वाकायचं, वेळ आली तर मोडायचं, पण फ्रेम आणि डिरेलर वाचवायचे, एवढ्यासाठीच त्याची नेमणूक. प्रत्येक कचेरीत असा एक कारकून असतो; वरून चौकशी आली की वाकायचं काम त्याचं. जुन्या पोलादी फ्रेमला हँगर वेगळा नसतो, तो फ्रेमचाच भाग असतो आणि बराच छळ सोसतो. अ‍ॅल्युमिनियमचं तसं नाही. ते दर वेळी वाकवताना अधिक कडक आणि ठिसूळ होतं, तेव्हा एकदा, फारतर दोनदा सरळ करावं आणि पुढे त्याच्या सोशिकपणाची परीक्षा पाहू नये.

आपल्या आधीच्या पिढीला हे दुखणं ठाऊक नव्हतं, कारण तिच्या सायकलला गिअरच नव्हते. गिअर ज्यांच्याकडे होते त्यांनाही हँगरची फिकीर नसे. टूर द फ्रान्समध्ये प्रमुख स्पर्धकांना 1937 पर्यंत डिरेलर वापरू देत नसत; शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांना तो नाजूकपणा वाटे. पुढे डिरेलर रुळला, पण त्याचा दांडा बिनखटक्याचा होता. कानाने अंदाज घ्यायचा आणि दांडा जरा मागेपुढे करायचा. हँगर थोडा वाकडा असला तरी हात सांभाळून घेई. 1984 मध्ये शिमानो कंपनीने आपल्या ड्युरा-एस संचात खटक्याचे गिअर आणले आणि हाताचं हे काम संपलं. एक खटका, एक चक्र. सात गिअरच्या सायकलला शेजारशेजारच्या चक्रांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 5 मिलिमीटर अंतर असतं. अकरा गिअरमध्ये ते पावणेचारच्या आसपास येतं. एवढ्याशा जागेत वाकडेपणा खपत नाही.

आता उपचार. पहिली पायरी: काहीही फिरवू नये.

ही पायरी सर्वांत अवघड आहे. डिरेलरच्या पाठीवर एच आणि एल अशी अक्षरं असलेले दोन छोटे स्क्रू असतात, आणि आपल्याकडच्या कर्त्या पुरुषाला समोर दिसणारा स्क्रू न पिळता बसवत नाही. ते स्क्रू म्हणजे नुसत्या सीमारेषा: चेनने बाहेर कुठवर जायचं आणि आत कुठवर यायचं, इतकंच ते ठरवतात. हँगर वाकला आहे हे त्यांना कळत नाही, आणि त्यांना पिळून तो सरळ होत नाही. तरीही रविवारची अख्खी सकाळ त्यांच्यावर खर्ची पडते. दुपारपर्यंत मूळ दुखणं जागच्या जागी असतं आणि शिवाय बिघडलेले दोन स्क्रू हाती लागतात. यावर उपाय एकच. स्क्रू ड्रायव्हर देवघरात ठेवावा. तिथे तो कोणी शोधत नाही.

दुसरी पायरी निदानाची. सायकल उभी धरायला घरातलं एखादं चिडलेलं माणूस उभं करावं. चेन एका मधल्या चक्रावर ठेवावी, मागे उकिडवं बसून डोळा आसाच्या उंचीला आणावा आणि एक डोळा मिटून पाहावं. डिरेलरची दोन चिमुकली चाकं वरच्या चक्राच्या ओळीत, ओळंबा सोडल्यासारखी सरळ दिसायला हवीत. खालचं चाक तारांकडे झुकलेलं असेल तर निदान झालं. पण निकाल देण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: हँगर फ्रेमला धरणारा स्क्रू सैल तर नाही ना, आणि मागचं चाक खाचेत नीट बसलंय ना. सायकल जमिनीवर उभी ठेवून चाक सैल करावं आणि पुन्हा आवळावं. काही रुग्ण इथेच बरे होतात आणि मार्गदर्शकाचा विरस होतो.

याचं खरं अवजार म्हणजे एक लांब दांडा. त्याचं आट्यांचं टोक हँगरच्या भोकात बसतं, आणि दांड्यावरची सरकती सूचक काडी रिमपर्यंत पोचते. बाजारात ते मिळतं. हँगर काही शे रुपयांचा आणि अवजार काही हजारांचं, हे कळल्यावर मराठी घरात जो ठराव एकमताने मंजूर होतो, तो इथे लिहीत नाही. पर्याय असा: हँगरच्या भोकाचे आटे 10 मिलिमीटर व्यासाचे आणि 1 मिलिमीटर अंतराचे असतात. क्विक-रिलीज लिव्हरच्या बऱ्याच गिअर सायकलींच्या मागच्या चाकाचा पोकळ आसही याच मापाचा. म्हणजे दुसऱ्या सायकलचं मागचं चाक घ्यावं, त्याची क्विक-रिलीजची सळई काढावी आणि आसाचं डावं टोक हँगरमध्ये हाताने फिरवून बसवावं. एक चाक सायकलचं, एक हँगरचं. दोन्ही समांतर आली की हँगर सरळ. ही युक्ती जुनी आणि चोख आहे. दूधवाल्याच्या काळ्या सायकलचं चाक आणू नये. तिथे आटे जुळतीलच असं नाही, आणि न जुळणारे आटे जोराने जुळवले की हँगर कायमचा जातो. उत्तम चाक म्हणजे सायकल पाडणाऱ्या सद्गृहस्थांच्या चिरंजिवांचं. कारण सांगू नये. "जरा माप घ्यायचंय, काका," एवढं पुरतं.

अर्थात त्याआधी 5 मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने डिरेलर सोडवावा लागतो. केबल काढू नये, तो चेनला लोंबू द्यावा. पेडल पुढच्या बाजूला घ्यावं, नाहीतर दुसरं चाक त्यावर आपटतं. आता पट्टीने दोन रिममधलं अंतर वर, खाली, पुढे आणि मागे मोजायचं. इथे शंका निघते: चाकांचा आऊट काढलेला नसेल तर माप खरं कसं येणार? दोन्ही चाकं अशी फिरवावीत की व्हॉल्वची भोकं मोजायच्या जागी येतील, आणि दर वेळी भोकापाशीच मोजावं. रिमचा तोच तोच भाग समोर आल्यावर आऊट असला तरी चारही मापांत सारखाच मिसळतो. वरच्या-खालच्या किंवा पुढच्या-मागच्या मापांत तीन-चार मिलिमीटरचा फरक सात-आठ गिअरला चालून जातो. अकरा-बारा गिअर असतील तर तो एक-दोनवर आणावा.

वाकवताना दुसऱ्या चाकालाच तरफेसारखं धरायचं. हळू, सलग, एकाच दिशेने. धातू थोडा मागे येतो, म्हणून किंचित जास्त न्यावं आणि सोडून पाहावं. आधी वर-खाली जुळवावं, मग पुढे-मागे, मग पुन्हा वर-खाली, कारण एक जुळलं की दुसरं बिघडतं. हातोडी, पक्कड आणि पाय वर्ज्य. याच सुमारास जिन्यावरून येणारे-जाणारे सल्ला देऊ लागतात. प्रत्येकाला "बरोबर आहे" म्हणावं आणि आपल्या मापाप्रमाणे चालावं. करकर ऐकू आली किंवा केसाएवढी पांढरी रेघ दिसली तर थांबावं. तो हँगर निवृत्त झाला.

डिरेलर परत बसवताना बोल्ट आधी उलटा फिरवावा. आटे एकमेकांत बसल्याची किंचित टिचकी जाणवली की सुलटा. सुरुवातीचे फेरे बोटांनीच द्यावेत. आता देवघरातून स्क्रू ड्रायव्हर आणायला हरकत नाही. आधी एच, मग एल, आणि मग केबलच्या टोकाची फिरकी पाव-पाव फेरा.

हँगर बदलायची वेळ आली तर खरी परीक्षा तिथे आहे. कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक त्याचा आकार बदलतो, आणि फोटोत सारखा दिसणारा हँगर हातात आल्यावर सारखा असेलच असं नाही. स्रॅम कंपनीने 2019 मध्ये, फ्रेम त्याच्या मापाने घडवली तर कोणत्याही कंपनीला चालेल असा एकच हँगर काढला आणि बऱ्याच कंपन्यांनी तो उचलला. 2023 मध्ये त्याच कंपनीने डिरेलर थेट फ्रेमला बसवून कारकुनाची जागाच रद्द केली. आपली सायकल या सुधारणांच्या आधीची असेल तर जुना हँगर काढून, स्क्रूच्या भोकांची जागा ताडून, त्याचा जोडीदार आजच मागवावा. मॉडेल बंद झालं की तो शोधत फिरावं लागतं.

आणि पाकिटातला कोरा हँगरही कधी कधी वाकडाच निघतो, म्हणून बसवल्यावर तोही तपासावा लागतो. तोवर मागून आणलेलं चाक परत करण्याची घाई करू नये.