इंजिनाला टॉनिक

पोंगल उरकला की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात सांबा भाताच्या कापणीची एकच झुंबड उडते. तंजावर जिल्ह्यात कुंभकोणम, पापनाशम, ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै, कुठेही जा. खाचरात हार्वेस्टर, बांधावर डिझेलचे कॅन आणि कॅनच्या आडोशाला एखादी छोटी बाटली. डिझेलमध्ये घालायचे औषध. मायलेज वाढवते, धूर कमी करते, नोझल साफ ठेवते, इंजिनाचे आयुष्य वाढवते, असे तिचे गुण गायले जातात. गुडघेदुखी आणि पित्त एवढेच काय ते राहून गेले आहे.

मराठी वाचकाने तंजावरला हसण्याची घाई करू नये. हीच बाटली गोंदियाच्या भातवाल्याकडे आहे, सांगलीच्या ट्रॅक्टरवाल्याकडे आहे आणि तुमच्या सोसायटीत ज्यांची डिझेलची गाडी आहे त्यांच्या डिकीतही आहे.

हिशेब करू. समजा बाटली 300 रुपयांची आणि ती 50 लिटरला पुरते. डिझेल लिटरला 93 रुपये धरा. म्हणजे 4,650 रुपयांच्या डिझेलवर 300 रुपयांची फोडणी. हे पैसे नुसते वसूल व्हायचे, तर त्या 50 लिटरमधले सव्वातीन लिटर वाचले पाहिजेत. जवळजवळ साडेसहा टक्के. त्याच्या वर जे वाचेल तो नफा.

आता हे सव्वातीन लिटर वाचले की नाही ते कोण सांगणार? भात ताठ उभे, जमीन वाळलेली, तर एकराचे काम तासाभरात उरकते. ईशान्य मोसमी पाऊस लांबला, पीक आडवे झाले, खाचरात घोटाभर चिखल राहिला, की तेच काम दीड तासावर, दोन तासांवर जाते. बेल्टवाले यंत्र चिखलात चालते हे खरे, पण फुकट चालत नाही. त्यात चालवणारा बदलला, पाती बोथट झाली, एका शेतातून दुसऱ्यात जायला लांबचा वळसा पडला, की डिझेलचा आकडा दर एकराला वेगळा. जिथे शेतच खर्च दीडपट-दुप्पट करू शकते, तिथे साडेसहा टक्के शोधणार कुठे? बाटलीवाल्याला नेमके हेच शेत आवडते. ज्या दिवशी डिझेल कमी लागले तो बाटलीचा गुण. जास्त लागले तो चिखलाचा दोष.

बरे, मालकाने पहिल्यांदा बाटली ओतली त्या आठवड्यात त्याने बहुधा फिल्टरही बदललेला असतो, हवेचा जाळीदार डबा झटकलेला असतो आणि चालवणाऱ्याला उगाच रेस करू नको म्हणून दम भरलेला असतो. श्रेय मात्र बाटलीला.

डिझेल विकणारे तरी काय कोरडे डिझेल देतात? 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 डिझेल आहे. त्यातले गंधक दशलक्ष भागांत 10 भागांवर आणलेले. त्याआधीच्या बीएस-4 मध्ये ते 50 होते. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे अंगचे वंगण कमी होते, हे बाटलीवाला छातीठोकपणे सांगतो, आणि ते खरेही आहे. तो पुढचे सांगत नाही. वंगणाचीही मर्यादा मानकात ठरलेली आहे, आणि ती गाठण्यासाठी तेल कंपन्या वंगण वाढवणारे द्रव्य स्वतःच घालून डिझेल पाठवतात. सीटेनचे, म्हणजे डिझेल किती चटकन पेट घेते त्या आकड्याचे, तेच. तो आकडा किमान 51 असला पाहिजे, असा नियमच आहे. ज्या दोन गोष्टींसाठी बाटली घ्यायची त्या दोन्ही पंपावर लिटरच्या भावात येऊन गेलेल्या असतात. काही बाटल्या तर थंडीत डिझेल गोठू नये म्हणूनच बनवलेल्या. तंजावरला पौषातल्या रात्रीही पंखा बंद करताना माणूस दोनदा विचार करतो. लडाखचे औषध कावेरीकाठी विकणाऱ्याच्या विक्रीकौशल्याला मात्र दाद दिली पाहिजे.

अमेरिकेत इंधन वाचवणाऱ्या वस्तूंचा बाजार आपल्याहून जुना आणि मोठा. तिथल्या पर्यावरण संस्थेने असल्या शंभराहून अधिक वस्तू तपासल्या. लक्षात घ्यावी इतकी बचत करणारी एकही सापडली नाही. रस्त्यावरच्या गाड्यांसाठीच्या इंधनात घालायच्या द्रव्यांची त्या संस्थेकडे नोंदणी करावी लागते. काही विक्रेते ती नोंदणीच प्रमाणपत्रासारखी मिरवतात. नोंदणी म्हणजे गुणाची हमी नव्हे, हे तिथेही सांगावे लागते.

तमिळनाडूला तर या विषयाची शिकवणी एकदा मिळालेली आहे. 1996 मध्ये राजपाळयम भागातल्या रामर पिळ्ळै यांनी पाण्यात पाला उकळून पेट्रोल करून दाखवले आणि देश हरखला. राज्य सरकारपासून केंद्राच्या विज्ञान खात्यापर्यंत सगळ्यांनी दखल घेतली. मद्रासच्या आयआयटीत शास्त्रज्ञांनी नीट निरखून तपासायला घेतले, तेव्हा दावा टिकला नाही. पाण्याचे पेट्रोल होते यावर विश्वास ठेवायला राष्ट्राला काही आठवडे पुरले. त्या मानाने डिझेलचे जरा जास्त डिझेल होते हा दावा फारच विनयशील.

म्हणजे बाटली सरसकट भोंदू का? तसेही नाही. नोझलवर काजळीचा थर बसलेला असेल तर चांगले डिटर्जंट तो काही प्रमाणात काढते. हे सिद्ध आहे. सीटेन वाढवणारी द्रव्येही खरी आहेत, डिझेल मुळात हलके असेल तिथे उपयोगी. आणि या प्रदेशापुरता एक रोग अगदी खरा आहे, तो म्हणजे पाणी. सांबाआधीचे कुरुवै भात कापले की हार्वेस्टर उभा, सांबापर्यंत काम तुरळक, आणि मधल्या काळात पावसाळा. अर्धी रिकामी टाकी दमट हवा ओढते, रात्री आत दव धरते, ते तळाशी साचते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव पोसले जातात. पुढच्या हंगामात फिल्टर काढला तर त्यावर काळपट बुळबुळीत शेवाळासारखा थर. यावर जंतुनाशक द्रव्य मिळते आणि ते काम करते. पण त्याआधी पाणी काढावे लागते. फिल्टरखालच्या वाटीचा स्क्रू दोन आटे सैल करायचा. पाणी जड म्हणून खाली, आधी तेच येते, गढूळ, थेंब थेंब. मग डिझेलची स्वच्छ धार लागली की स्क्रू आवळायचा. दोन मिनिटे, खर्च शून्य. हंगाम संपताना टाकी गच्च भरून ठेवली तर दव धरायला जागाच उरत नाही. आणि कॅनमधून ओतताना जाळीची चाळणी वापरायची. लुंगीच्या फडक्यातून गाळलेल्या, भुसकट तरंगणाऱ्या डिझेलमध्ये 300 रुपयांचे नोझल-शुद्धीकरण ओतताना कोणाला काही खटकत नाही, हे विशेष.

कालव्याच्या शेपटाकडच्या गावांची गोष्ट आणखी वेगळी. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचे पाणी 12 जूनला सोडण्याचा रिवाज. 2024 मध्ये ते 28 जुलैला सुटले. शेतीची वीज 1990 पासून फुकट आहे, पण जोडणी मिळेल त्याला. उरलेल्यांनी कालव्याच्या काठी डिझेलचा पंप लावायचा. 5 अश्वशक्तीचे इंजिन तासाला लिटरभर पिते. या पंपावर पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटना, म्हणजे पीसीआरए, कित्येक वर्षे तेच ते सांगत आली आहे. पंप पाण्याच्या जवळ ठेवा, पाइपाला वळणे कमी द्या, फूट व्हॉल्व्ह मोठ्या तोंडाचा आणि सहज पाणी घेणारा बसवा. इंजिन थंड करायला पंपाचेच पाणी बारीक नळीने फिरवतात, ते इतके सोडू नका की इंजिन गारठेल. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागले पाहिजे. गार पाण्याने इंजिन सुखी राहते, अशी आपली समजूत असते आणि ते निमूटपणे जास्त डिझेल पीत राहते. या सल्ल्यात एकच उणीव आहे. तो बाटलीत भरून विकता येत नाही, त्यामुळे त्याला विक्रेता नाही, कमिशन नाही आणि जाहिरातीचे कॅलेंडरही नाही.

औषधाचा गुण कसा मोजायचा हे शिकायला तंजावरकराला गाव सोडावे लागत नाही. 1798 ते 1832 या काळात गादीवर असलेले दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी धन्वंतरी महाल उघडला, औषधे अजमावून घेतली आणि डोळ्यांच्या रुग्णांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह लिहवून घेतली. ते कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. आजच्या हार्वेस्टर मालकाजवळ मोबाइल आहे, पण बाटलीआधी तासाला किती लिटर आणि बाटलीनंतर किती, असे दोन आकडे त्याला विचारा. तो धुराचा रंग सांगेल. मोजायचेच तर टाकी काठोकाठ भरून, एकाच जातीच्या ताठ उभ्या भातात, एकाच माणसाच्या हाती यंत्र देऊन, काही दिवस बाटलीसह आणि काही दिवस बाटलीविना चालवायचे. बाटली घातली की नाही हे चालवणाऱ्याला सांगायचे नाही. हंगामाच्या धांदलीत हे कोणी करणार नाही, हे बाटलीवाल्याला आपल्याहून चांगले ठाऊक.

एक सूचना आहे. बाटलीचे पैसे आधी देऊ नयेत. वाचलेल्या डिझेलची निम्मी रक्कम विक्रेत्याला हंगाम संपल्यावर द्यावी, हवे तर दोन-तृतीयांश द्यावी. दावा 10 टक्क्यांचा असेल तर दोन-तृतीयांशाच्या व्यवहारात त्याचे 300 च्या आसपास सुटतात, तोटा काहीच नाही. असा करार करणारा विक्रेता भेटला तर त्याच्याकडून बाटली जरूर घ्यावी.

राहता राहिला शेतकरी, ज्याचे स्वतःचे यंत्रच नाही आणि जो तासावर भाडे भरतो. डिझेल महागले की भाडे वाढते, हे तो दर हंगामात अनुभवतो. मालकाच्या बाटलीने वाचवलेला रुपया भाड्यातून वजा करून घ्या, असे कोणी सांगत आले, तर हा लेख मी मागे घेईन.