बर्फातली बाबागाडी : खरेदीपूर्व सूचना

प्रस्तुत सूचना हेल्सिंकी, एस्पो आणि वान्ता परिसरात राहणाऱ्या आणि ऐन हिवाळ्यात ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे, अशा मराठी दांपत्यांसाठी आहेत. पुण्या-पणजीच्या वाचकांनी त्या ज्ञानवृद्धीसाठी वाचायला हरकत नाही, मात्र त्यांवर विसंबून काही खरेदी करू नये. उलट दिशेनं अशी खरेदी सर्रास होते. पुण्यातल्या मॉलच्या गुळगुळीत फरशीवर एका बोटानं पळणारी गाडी बघून मावशी हरखते, ती गाडी विमानाच्या सामानातून फिनलंडला येते आणि पहिल्याच बर्फात जागच्या जागी उभी राहते. मावशीला व्हिडिओ कॉलवर दाखवण्यापुरती ती घरात, गालिच्यावर चालवावी.

आता निवड समितीविषयी. बाबागाडी आईवडील निवडतात, हा समज प्रथम काढून टाकावा. समितीचे निमंत्रक बाळाचे वडील. ते सॉफ्टवेअरमध्ये असल्यास एक्सेल शीट आधीच तयार असते : वजन, चाकाचा व्यास, घडी केल्यावरची लांबी, आणि शेवटी एक गुणांकन, ज्याचं सूत्र त्यांच्याखेरीज कुणाला कळत नाही. बाळाची आई रंग बघते असं बाकीचे समजतात. ती प्रत्यक्षात गाडी उचलून बघत असते, कारण उचलायची कुणी हे तिला ठाऊक असतं. कराडहून आजोबा विचारतात, ‘पार्ट मिळतात का?’ सगळे हसतात. वास्तविक समितीत विचारला गेलेला एवढाच प्रश्न कामाचा आहे. दोन हिवाळ्यांनी पुढच्या चाकाचा आस बदलायची वेळ येते, तेव्हा आजोबांची आठवण होते.

आजींचा आक्षेप अधिक मूलभूत असतो. सव्वा महिना बाळ घराबाहेर काढायचंच नाही, तर गाडी कशाला? या मुद्द्यावर घाबरून जाऊ नये. इथल्या नेउवोलात, म्हणजे माता-बाल आरोग्य केंद्रात, नर्ससुद्धा हिवाळ्यातल्या बाळाला पहिले काही आठवडे घरातच ठेवायला आणि मग हळूहळू, थोडा थोडा वेळ बाहेर न्यायला सांगते. इथपर्यंत आजी आणि नर्स एका पक्षात असतात. युती तुटते ती त्यानंतर, जेव्हा नर्स शांतपणे सांगते की आता बाळाला दुपारची झोप बाहेर काढू द्या.

‘अगं, कुत्रंसुद्धा बाहेर ठेवत नाही कुणी या थंडीत!’

‘आई, नर्सच म्हणाली, बाहेर छान झोपतात.’

‘तिला म्हणावं, तू झोप आधी.’

यात नर्सचा काही दोष नाही. फिनलंडमध्ये बाळं बाहेरच झोपतात. बाल्कनीत, अंगणात, कॅफेच्या काचेबाहेर बाबागाड्या उभ्या असतात आणि आत आया कॉफी पीत असतात. ही सवय रुजवण्यात आर्वो युल्प्पो या बालरोगतज्ज्ञांचा मोठा वाटा मानला जातो. ते 1887 साली जन्मले आणि 1992 साली वारले, त्यामुळे त्यांच्या आरोग्यविषयक सल्ल्याला आव्हान देणं अवघड जातं. लहान बाळांसाठी सर्वसाधारण मर्यादा उणे 10 अंशांची. पारा त्याखाली गेला की झोप घरात. मात्र ही पद्धत देशाबाहेर नेऊ नये. 1997 साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईनं गाडीतलं बाळ हॉटेलबाहेर ठेवलं आणि स्वतः आत जेवायला बसली. पोलिसांनी तिला अटक केली आणि बाळ काही दिवस सरकारी ताब्यात होतं.

या सगळ्याचा गाडीच्या खरेदीशी थेट संबंध आहे. तुम्ही जिला वाहन समजून दुकानात गेलात, ती इथे बाळाची दुपारची खोली आहे. म्हणून पहिल्या हिवाळ्यासाठी गाडी अशी हवी की बाळ पूर्ण आडवं झोपेल, भोवती चारही बाजूंनी भिंत असेल आणि टप खाली ओढला की वारा तोंडावर येणार नाही. बसायची गाडी सहासात महिन्यांनंतर. दोन्ही कामं करणाऱ्या जोडगाड्या मिळतात. त्यांत खालचा सांगाडा तोच राहतो, वरचा पाळणा काढून बैठक बसवायची.

आता बर्फ. नवख्या माणसाची समजूत अशी की जितकी थंडी जास्त तितकी गाडी ढकलणं अवघड. उणे 15 ला बर्फ कोरडा असतो, पायाखाली करकरतो, आणि दाबल्या गेलेल्या बर्फावरून गाडी छान चालते. शत्रू आहे तो शून्य अंश. हेल्सिंकीचा हिवाळा समुद्राकाठचा, पारा शून्याच्या आगेमागे घुटमळत राहतो. सकाळी पाऊस, दुपारी बर्फ, संध्याकाळी दोन्हींचा राखाडी चिखल, रात्री तो चिखल चाकोऱ्यांसकट गोठतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी चाकोरीतून तुम्हाला जावं लागतं, मग तो माणूस कुठेही गेलेला असो. शिवाय रस्ता साफ करणारं यंत्र पहाटे येतं आणि बर्फाचा एक लांबलचक बांध नेमका पदपथ जिथे रस्त्याला उतरतो तिथे घालून जातं.

दुकानात सगळ्यात देखणी गाडी असते तिची पुढची चाकं लहान, जोडीजोडीची आणि गरगर फिरणारी. घ्यायची नाही. जोडचाकांच्या मधल्या फटीत बर्फ ठासून बसतो, चाक फिरायचं थांबतं आणि तुम्ही ढकलत असता ती घसरगाडी. तीन चाकांची गाडी धावायला उत्तम, पण वाहनांच्या दोन चाकोऱ्यांतून जाताना तिचं तिसरं चाक मधल्या उंचवट्यावर चढतं. चार चाकं, चारही मोठी, रुंद, खाली स्प्रिंग. पुढची फिरती असलीच तर ती सरळ अडकवता आली पाहिजेत. तरीही खोल बर्फात रुतलात तर वळा, पाठमोरे व्हा आणि गाडी ओढत न्या, मोठी मागची चाकं पुढे करून. अनुभवी आया हे इतक्या सहज करतात की तो गाडी चालवण्याचा अधिकृत प्रकार वाटावा. अनुभवी वडील आधी इकडेतिकडे बघून घेतात.

हवेची चाकं की भरीव? निमंत्रकांचा हा आवडता विषय, कारण यात भौतिकशास्त्र आहे. दिवाणखान्यात 22 अंशांना टम्म भरलेलं चाक उणे 15 मध्ये गेलं की त्यातला दाब साधारण पाचव्या हिश्शानं उतरतो. ते पंक्चर नव्हे. घरी आणलं की चाक पुन्हा फुगतं आणि तक्रार घेऊन दुकानात गेल्यावर तुमचीच फजिती होते. हवेचं चाक खडबडीत बर्फावर मऊ चालतं, हे खरं. पण इथे पदपथांवर घसरू नये म्हणून ग्रॅनाइटची बारीक खडी टाकतात. एप्रिलमध्ये बर्फ वितळतो, खडी उघडी पडते आणि टोकदार खड्यांनी सायकलवाल्यांच्या ट्यूबा फुटतात. तुमचीही फुटेल. माझं मत भरीव रबराच्या बाजूनं.

थोडा इतिहास, कारण समितीच्या एका बैठकीत तो निघतोच. 1733 च्या सुमारास विल्यम केंट या इंग्लिश वास्तुरचनाकारानं ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी बाळगाडी बनवली. ती शिंपल्याच्या आकाराची होती आणि तिला बकरी किंवा लहान घोडं जुंपत. बर्फात बकरी चांगली चालते, पण बसमध्ये घेत नाहीत. घडी घालून काखेत मारायची हलकी गाडी 1965 ची. तिचे जनक ओवेन मॅक्लॅरन हे स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले अभियंते. मॉस्कोहून आलेल्या मुलीची बोजड बाबागाडी बघून त्यांना ती सुचली, असं सांगतात. म्हणजे मॉस्कोच्या बर्फाला साजेशी गाडी इंग्लंडला नकोशी झाली. तुमचा प्रवास उलटा आहे, हे लक्षात ठेवून वजनाला नाक मुरडू नका. 15 किलोची गाडी बर्फावर जमिनीला धरून राहते.

अर्थात ती उचलावी लागते तेव्हा इतिहास आठवत नाही. म्हणून गाडी बघायच्या आधी इमारतीची लिफ्ट मोजा. हेल्सिंकीच्या मध्यभागातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट मागाहून बसवलेल्या, जिन्याच्या मधल्या उरल्यासुरल्या जागेत. त्यात एक माणूस आणि त्याचा संकोच मावतो. पुष्कळ इमारतींत तळमजल्यावर बाबागाड्या ठेवायची खोली असते. तिची किल्ली कुणाकडे असते आणि आत खरोखर बाबागाड्या आहेत की कुणाचे 1980 पासूनचे स्की आहेत, हे पाहून यावं.

दुकानात जाताना आपले जाडे हातमोजे घालून जा आणि ते न काढता ब्रेक लावून दाखवा. विक्रेता हसणार नाही, त्याला याची सवय आहे. ब्रेकनं चाक थांबतं, पण निसरड्या उतारावर थांबलेल्या चाकांसकट गाडी घसरते. तिथे ती आडवी उभी करायची आणि मनगटाला पट्टा बांधायचा. हँडललाच कायमचे बसवलेले हातमोजे मिळतात, ते जरूर घ्या. डिसेंबरात इथे दिवस सहा तासांहूनही लहान असतो आणि अंधारात पायी चालताना रिफ्लेक्टर लावावा, असं कायदाच सांगतो. गाड्या मात्र फॅशनपायी काळ्या नाहीतर कोळशाच्या रंगाच्या. दृष्ट लागण्याचा प्रश्न त्यानं मिटतो, वेगळी तीट लावावी लागत नाही. पण वाहनचालकाची दृष्टी पडावी म्हणून गाडीच्या चारही बाजूंना रिफ्लेक्टर हवेत.

कपड्यांच्या बाबतीत सरकारनं आपलं काम हलकं केलं आहे. फिनलंडमध्ये 1938 पासून गरजू आयांना आणि 1949 पासून सगळ्यांनाच बाळाचं खोकं मिळतं : लोकरीचे कपडे, थंडीचा जाड पोशाख, झोपायची पिशवी. हा सरकारी बाळंतविडाच. अट एवढीच की गरोदरपणाचा चौथा महिना संपायच्या आत तपासणी झालेली हवी. खोकं नको असेल तर 170 युरो रोख मिळतात. निमंत्रकांनी इथे हिशेब मांडू नये, पहिल्या वेळी खोकंच घ्यावं. आजींनी आणलेली कुंची आणि गोधडीही वाया जात नाही. अंगाला लोकर, वर पोशाख, डोक्याला कुंची, खाली गोधडी : आजी आणि नर्स इथे पुन्हा एकत्र येतात. मात्र बाळाचे हात गार लागले म्हणून आणखी पांघरूण घालायचं नाही. बोट मानेमागे घालून बघायचं. मान गरम आणि कोरडी असेल तर बाळ ठीक आहे. आणि वारा लागतो म्हणून टपावरून शाल टाकून गाडी बंद करायची नाही, आत हवा खेळली पाहिजे. याबाबतीत थट्टा नाही.

पैशाचं सांगतो. नवी स्वीडिश गाडी घेण्याइतके पैसे असतील तरी घेऊ नका. इथे लोक बाबागाडी वापरतात, धुतात, तेलपाणी करतात आणि विकतात. तीच गाडी तिसऱ्या बाळासाठी अर्ध्याहून कमी किमतीत मिळते, आणि ती दोन हिवाळे टिकलेली असते हेच तिचं प्रमाणपत्र. बघताना चाकांचे आस आणि सांध्यांवरचा गंज तपासा, रस्त्यावरचं मीठ आधी तिथे लागतं. ‘वापरलेली गाडी आमच्या नातवाला?’ असं कराडहून विचारतील. आजोबांना सांगा, पार्ट मिळतात.

गाडीचा खर्च भरून निघायचा एक मार्ग आहे. हेल्सिंकी परिसरात बाबागाडीतल्या लहान मुलाबरोबर प्रवास करणाऱ्या मोठ्या माणसाला बस, ट्राम आणि मेट्रोत तिकीट पडत नाही. मूल सात वर्षांचं होईपर्यंत ही सवलत आहे. ते गाडीत मावलं पाहिजे एवढंच.

शेवटची चौकशी दुकानात सगळ्यांत आधी करा : गाडीबरोबर मच्छरदाणी येते का? घरच्यांना खरं वाटणार नाही, पण बर्फ गेला की जूनमध्ये इथे डास येतात, आणि बाळ तेव्हाही बाहेरच झोपतं.