प्रवेश मोफत, आजीचं काय?

पुण्यात फुकट किंवा किरकोळ पैशांत पाहण्या-ऐकण्यासारखं इतकं चालतं की चार माणसांच्या घराला वर्षाचे रविवार पुरणार नाहीत. वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि आजही उन्हाळ्यात टिळक स्मारक मंदिरात कुणीही जाऊन बसावं आणि ऐकावं. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव, जानेवारीत एम्प्रेस गार्डनमधलं फुलांचं प्रदर्शन, दिवाळीत सारसबागेतली पहाट. गणपतीचे दहा दिवस तर सांगायलाच नकोत.

यातला माझा सर्वांत लाडका दिवस २८ फेब्रुवारी, राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी विद्यापीठाच्या आवारातली आयुका सगळ्यांसाठी दारं उघडते. डॉ. जयंत नारळीकरांनी उभी केलेली ही संस्था एरवी ताऱ्यांच्या आणि दीर्घिकांच्या संशोधनात बुडालेली असते. त्या दिवशी मात्र संशोधन करणारी तरुण मुलं-मुली तक्त्यापाशी उभी राहून चौथीतल्या पोराला कृष्णविवर समजावून सांगतात. पोरगं प्रश्न विचारतं, बाप ऐकत राहतो आणि मग हळूच स्वतःचाही एक प्रश्न विचारतो. शाळकरी मुलांसाठी तिथं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यान असतं. आवारातली विज्ञान शोधिका ज्या ‘पुलस्त्य’ इमारतीत आहे, ती पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभी राहिली. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणारे अरविंद गुप्ता वर्षानुवर्षं इथंच काम करत होते. आपल्या पोराला हे मिळावं म्हणून कुठल्याही बापाला खिशात हात घालावा लागत नाही, याचा मला या शहराबद्दल मनापासून अभिमान आहे.

मग एवढं असून माणसं सुटीच्या दिवशी मॉलमध्ये का जातात? पैसे जास्त झालेत म्हणून नव्हे. मॉलमध्ये आजीला बसायला जागा मिळते, लिफ्ट मिळते, धाकटीला नेता येईल असं स्वच्छतागृह मिळतं. आपल्या मोफत कार्यक्रमांत नेमकं हेच मिळत नाही. मैदानभर माणसं आणि कोपऱ्यात दोन फिरती स्वच्छतागृहं, तीही अंधारात. पहिल्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखून ठेवलेल्या आणि बऱ्याचदा रिकाम्या. गुडघे दुखणारी आजी मागे उभी. सहाचा कार्यक्रम सहाला सुरू होत नाही, कारण पाहुणे वाटेत असतात. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, प्रायोजकांची नावं. ज्या मुलांसाठी हे सगळं मांडलं ती आईच्या मांडीवर झोपून जातात. संपेपर्यंत रात्र होते, बस मिळत नाही, आणि रिक्षाचं भाडं भरताना ‘मोफत’ या शब्दाचा राग येतो.

यातलं काहीच सुधारणं अशक्य नाही. गणेशोत्सवात पीएमपीच्या जादा बस रात्री धावतात, मेट्रोची वेळ वाढते. म्हणजे कधी, कुठं, किती गर्दी होणार हे कळलं की व्यवस्था करता येते. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांसाठी बंद होतो. एरवी जिथं आईचं बोट सोडायची सोय नाही, तिथं मुलं भर रस्त्यात खेळतात आणि म्हातारी माणसं रमतगमत दुकानं बघतात. कुटुंबासाठी याहून स्वस्त करमणूक नाही. हा दिवस वर्षातून एकदाच का? महिन्यातला एक रविवार तरी हवा. व्यापारी कुरकुरतील, पण पायी आलेलं माणूसच दुकानात शिरतं.

गाडी आणि पैसा असणाऱ्यांना गैरसोय टाळता येते. शहरात नव्यानं आलेल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबाला तसं जमत नाही. त्याच्यासाठी मोफत कार्यक्रम हीच या शहराशी ओळख करून घ्यायची जागा. तिथून ते अर्ध्यातून परत गेलं, तर प्रवेश मोफत ठेवून काय मिळवलं?

आयोजकहो, पुढच्या निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांच्या आधी चार गोष्टी छापा: स्वच्छतागृह कुठं आहे, ज्येष्ठांसाठी किती खुर्च्या आहेत, कार्यक्रम किती वाजता संपेल आणि जवळच्या थांब्यावरून शेवटची बस कधी सुटते. आणि वाचकहो, येत्या २८ फेब्रुवारीला पोरांना घेऊन घराबाहेर पडा. आजीलाही न्या. तिला खुर्ची मिळाली नाही तर मुकाट्यानं परत येऊ नका. तिथल्या माणसाला गाठा आणि खुर्ची मागा.